कारिवण्याचा अर्क आणि तुटलेली नस

‘मेलेली नस पुन्हा जिवंत करा’ अशा मथळ्याची एक छापील चिठ्ठी हल्ली आमच्या भागातील दुकानांच्या गल्ल्यावर पडलेली दिसते. लकवा, मधुमेहाने बधिर झालेले पाय, कमरेतून खाली उतरणारी कळ, मुलांची कमी पडणारी स्मरणशक्ती, या सगळ्यांवर एकाच वनस्पतीचा अर्क चालतो, असे तीत लिहिलेले असते. खाली बारीक अक्षरांत ‘परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले’ असाही शेरा असतो. आमच्या कचेरीतील दोघा शिपाई बंधूंनी आणि वस्तीतील तीन-चार घरांनी आम्हांला याविषयी विचारले. बाटली घ्यावी की न घ्यावी, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता.

आम्ही डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. आमची उमेद हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. पण नोंद दिसली की तिच्यामागे पावती आहे का हे पाहायचे, ही सवय त्या कामाने लावली. म्हणून ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले’ या नोंदीची पावती शोधायचे ठरवले, आणि जे कळले नाही ते शिकलेल्या डॉक्टर मंडळींकडून समजावून घेतले. आश्चर्य म्हणजे पावती निघाली, आणि ती खोटी नाही. मात्र तिच्यावर जी रक्कम लिहिली आहे ती आणि चिठ्ठीत सांगितलेली रक्कम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आधी वनस्पतीची ओळख करून घेऊ. बाजारात जिची जुडी ‘ब्राह्मी’ म्हणून मिळते आणि जिचे तेल आपल्या आया-बहिणी डोक्याला लावतात, ती आपल्याकडे बहुधा कारिवणा असते. संस्कृतात तिला मंडूकपर्णी म्हणतात. ओलसर जागी, बांधाच्या कडेला, विहिरीच्या पाण्याच्या पाटाजवळ ती जमिनीवर पसरते. पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बारीक दाते असलेले. कुळ पाहाल तर कोथिंबीर, ओवा आणि गाजर यांची ही भावकी. केरळात मात्र ‘ब्राह्मी’ म्हटले की दुसरीच वनस्पती हाती देतात. तिची पाने बारीक, जाडसर आणि लांबट असतात, फुले पांढरट निळी. तिला आपण जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतो. दोघींचे कुळ वेगळे, अंगातील द्रव्येही वेगळी. नाव एक आणि माल दोन, असा हा प्रकार आहे. बाटलीवर नुसते ‘ब्राह्मी अर्क’ लिहिले असेल तर आत कोणती आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि बऱ्याचदा दुकानदारालाही कळत नाही. या लेखात आम्ही बोलतो आहोत ते कारिवण्याबद्दल.

आता नसेकडे वळू. हा शब्द आपण फार ढिला वापरतो. रक्त वाहते तीही नस आणि चटका बसल्याची खबर मेंदूला पोचवते तीही नसच. इथे विषय आहे तो दुसरीचा, म्हणजे मज्जातंतूचा. मज्जातंतू म्हणजे मज्जापेशीची लांबच लांब तार. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या तारेची मूळ पेशी कमरेजवळ पाठीच्या कण्यात असते. म्हणजे एकच पेशी, पण तिची तार जवळजवळ एक मीटर लांब! विजेच्या वायरला प्लास्टिकचे वेष्टन असते तसे या तारेलाही वेष्टन असते.

ही तार हातात किंवा पायात चिरडली अथवा तुटली तर पुढचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेतील नसा कापून हे १८५० साली दाखवले. पण मागची पेशी जिवंत असेल तर तुटल्या टोकाला अंकुर फुटतो, आणि रिकाम्या झालेल्या वेष्टनाच्या नळीतून वाट काढत तो पुढे सरकतो. त्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असतो. मेंदूत आणि पाठीच्या मणक्यांतील मज्जारज्जूत मात्र असे होत नाही. तिथे तुटलेल्या जागी वण धरतो, आजूबाजूची द्रव्ये अंकुराला अडवतात आणि वाढ खुंटते. तेव्हा हातापायाची नस आणि मेंदूची नस ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्याची जमा दुसऱ्या खात्यात दाखवली तर आमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. चिठ्ठीवाल्यांनी नेमके तेच केले आहे. लकव्याला, म्हणजे ज्याला आपण ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतो त्याला, त्यांनी हातापायाच्या नसेची पावती जोडली आहे.

अंकुर फुटतो तो कशाच्या बळावर, हे शोधून काढणाऱ्या बाईंची हकीकत आमच्या वाचकांनी जरूर वाचावी. रिता लेव्ही-मोंताल्चिनी या १९०९ साली इटलीतील तुरीन शहरात एका ज्यू कुटुंबात जन्मल्या. मुलींनी फार शिकू नये असे वडिलांचे मत होते. त्यांना पटवून त्या डॉक्टर झाल्या. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशाचे कायदे केले आणि ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढले. जन्माच्या दाखल्यावरून विद्येची दारे बंद होणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बाईंनी घरातील झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून त्यांनी त्यांची हत्यारे केली. कोंबडीची अंडी आणायची, त्यांतील वाढत्या गर्भाच्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, असे काम युद्धकाळात चालले. बाँबच्या भीतीने शहर सोडावे लागले तेव्हा खेड्यातील घरातही त्यांनी तेच केले.

१९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे १९५०च्या दशकात त्यांना आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना एक द्रव्य सापडले. ते मिळाले की नसेच्या पेशीतून चोहीकडे सूर्यकिरणांसारखे अंकुर फुटत. त्याचे नाव नसवाढ-घटक. आपल्या शरीरातच ते तयार होते. या शोधासाठी दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाई १०३ वर्षे जगल्या आणि २०१२ साली वारल्या.

हा नसवाढ-घटक ध्यानात ठेवा, कारण कारिवण्याच्या प्रयोगात तो आहे आणि चिठ्ठीत नाही.

पावती २००५ सालची आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या पोर्टलँड शहरात तेथील आरोग्यविज्ञान विद्यापीठात अमला सौम्यनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केले. त्यांनी कारिवण्याचे दोन अर्क काढले, एक पाण्यात आणि एक अल्कोहोलमध्ये. माणसाच्या मज्जापेशींसारख्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांत नसवाढ-घटकाबरोबर हे अर्क घातले. अल्कोहोलातील अर्काने पेशींचे अंकुर ठळकपणे लांब झाले. पाण्यातील अर्काने त्याच प्रमाणात काहीच केले नाही. मग त्यांनी अर्कातील निरनिराळे घटक वेगळे करून पाहिले. त्यांपैकी एशियाटिक ॲसिड या द्रव्याने अंकुर वाढले, पण सगळा गुण त्या एकाचाच नव्हता. अर्काच्या इतर भागांतही गुण आढळला.

मग उंदीर घेतले. मोठ्या पांढऱ्या उंदरांची मागच्या पायाची नस चिमट्याने चिरडली. काहींना पिण्याच्या पाण्यातून हा अर्क दिला, काहींना दिला नाही. ज्यांना दिला त्यांचा पाय लवकर चालू झाला. त्यांच्या नसेतील नव्या तारा अधिक जाड होत्या आणि वेष्टन चढलेल्या तारांची संख्याही अधिक होती.

काम चांगले आहे. आपल्या बांधावरच्या पाल्यात असे काही असावे याचा आम्हांला आनंदही झाला. पण या पावतीतील चार गोष्टी बाटलीवर छापलेल्या नसतात. पेशींना अर्काबरोबर नसवाढ-घटकही दिला होता. पाण्यातील अर्क त्या कसोटीत चालला नाही, म्हणजे घरी पाला उकळून केलेल्या काढ्याला ही पावती लागू पडत नाही. उंदरांची नस चिरडली होती, तोडली नव्हती. चिरडलेल्या नसेत आतली तार तुटते पण नळी शाबूत राहते, म्हणून अंकुराला वाट आयती मिळते. पत्र्याने मनगट कापले गेले असेल तर आधी शल्यचिकित्सकाने दोन टोके शिवावी लागतात, त्याशिवाय कुठलाही अर्क अंकुराला वाट दाखवू शकत नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ज्या उंदरांना काही दिले नाही त्यांचीही नस वाढत होती, फक्त उशिराने.

या चौथ्या गोष्टीवर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण घरोघरी फसगत होते ती इथेच.

समजा, एखाद्या कामगाराच्या कोपराला मार लागून नस चिरडली. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत अंतर साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे ४५० मिलिमीटर. दिवसाला एक याप्रमाणे ४५० दिवस, सव्वा वर्ष. मनगटाजवळची इजा असेल तर १८ सेंटिमीटरला १८० दिवस, म्हणजे सहा महिने. पहिले काही महिने काहीच फरक दिसत नाही. माणूस कंटाळतो, डॉक्टर बदलतो, देव बदलतो आणि शेवटी बाटली आणतो. बाटली सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी बोटांत मुंग्या येऊ लागतात, मग जाण येते. घरात आनंद होतो आणि यशाचे श्रेय बाटलीला जाते. नस बिचारी रोज एक मिलिमीटर चालून घरी पोचलेली असते, पण हार पडतो तो बाटलीच्या गळ्यात! हा माणूस मग चार जणांना मनापासून सांगतो की, मला गुण आला. तो खोटे बोलत नाही. त्याच्याजवळ औषध न घेतलेला दुसरा उंदीर नसतो, इतकेच.

आता मात्रेचा हिशेब. उंदरांना दर किलो वजनामागे रोज ३०० ते ३३० मिलिग्रॅम अर्क दिला होता. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर १८ ग्रॅम होतात. लहान प्राण्याची मात्रा माणसाला लावताना शास्त्रज्ञ ती कमी धरतात. त्यांच्या नेहमीच्या रीतीने उंदराची मात्रा सुमारे सहाने भागली तरी तीन ग्रॅमच्या आसपास येते. आम्ही पाहिलेल्या बाटलीत ६० कॅप्सूल होत्या, प्रत्येकीत २५० मिलिग्रॅम, किंमत ७५० रुपये. तीन ग्रॅम म्हणजे रोज बारा कॅप्सूल. बाटली पाच दिवसांत संपेल आणि महिन्याला साडेचार हजार रुपये लागतील. बाटलीवर सूचना आहे रोज दोन घेण्याची. म्हणजे ज्या प्रयोगाच्या नावावर ती विकली जाते त्या प्रयोगाच्या मात्रेचा जेमतेम सहावा हिस्सा पोटात जातो, पैसे मात्र पूर्ण जातात.

वाचकांनी यावरून बारा कॅप्सूल खाण्याचा विचार चुकूनही करू नये. माणसाला किती मात्रा सोसते हे उंदरांवरून ठरत नाही. २००५ सालीच अर्जेंटिनातील डॉक्टरांनी तीन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्या या वनस्पतीच्या गोळ्या घेत होत्या. वीस ते साठ दिवसांत तिघींना कावीळ होऊन यकृताला सूज आली. गोळ्या बंद केल्यावर त्या बऱ्या झाल्या. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. धोतराही झाडपालाच आहे.

दुसरी एक नोंद याहून कडू आहे. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून भारतीय उपखंडात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांचे नमुने तपासले, त्यांपैकी १४ नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ही तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या सत्तरांत कारिवणा किती होता हा इथे मुद्दा नाही. पण शिसे आणि आर्सेनिक ही स्वतःच नसा मारणारी विषे आहेत. नसेच्या औषधातून नसेचे विष विकत घ्यायचे, आणि तेही उसने पैसे काढून! याकरिता परवान्याचा क्रमांक, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तारीख नसलेली बाटली घरात आणू नये.

माणसांवर या वनस्पतीचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडलेल्या चाळीसएक रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर एक चाचणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. कारिवण्यातील द्रव्यांचे प्रमाण ठरवून बनवलेला अर्क त्यांतील निम्म्यांना दिला होता आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांच्या मुंग्या येण्याच्या तक्रारीत फरक पडल्याची नोंद आहे. ही आशेची गोष्ट आहे. मात्र चाळीस माणसांवरून कोट्यवधींचे औषध ठरत नाही, आणि तक्रार कमी होणे म्हणजे नस पुन्हा उगवणे नव्हे.

मधुमेहाचा विषय निघाला म्हणून सांगतो. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या वेदनेने त्यांच्या कितीतरी रात्री झोपेविना गेल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. ते इन्सुलिन घेत. १९४८ साली उपचारांच्या निमित्तानेच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी अधिक ओळख झाली आणि पुढे त्या माईसाहेब झाल्या. तेव्हा उपाय थोडे होते. आज बोटातील थेंबभर रक्तावर साखर कळते, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व गोळ्या मिळतात. तरीही आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी साखरेच्या गोळ्या बंद करून आठ महिने अर्कावर भरवसा ठेवला. पायाला खिळा टोचलेला त्यांना कळला नाही. जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. साखर ताब्यात ठेवणे, रोज रात्री तळपाय आरशात पाहणे, अनवाणी न चालणे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी बजावून सांगायला हवे होते. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या अंगातील ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि ते कमी झाले की नसा बिघडून हातपाय बधिर होतात. गोळी मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरांना ‘बी-१२’ तपासायचे का, असे विचारावे. ते कमी निघाले तर भरून काढता येते.

आम्हांला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कुष्ठरोगाची. कारिवण्याचा आणि या रोगाचा संबंध जुना आहे. १९४०च्या दशकात फ्रेंचांच्या ताब्यातील मादागास्कर बेटावर या वनस्पतीतून एशियाटिकोसाइड नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि कुष्ठरुग्णांच्या जखमांवर ते वापरून पाहिले. त्वचेची जखम भरून येण्याला त्याची मदत होते, आणि पुढे त्याची मलमे निघाली ती आजही विकली जातात. पण ते रोगजंतू मारून रोग बरा करणारे औषध ठरले नाही. ते काम आधी डॅप्सोनने केले आणि १९८१ पासून दोन-तीन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने.

कुष्ठरोग हा कातडीचा रोग समजला जातो, पण माणसाला अपंग करतो तो नसांमधून. कोपराच्या आतल्या बाजूची नस सुजते आणि करंगळी वाकते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस बिघडते आणि पाऊल लोंबते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नाही, असे असेल तर ही नसेचीच हाक आहे. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. नस नव्यानेच बिघडली असेल तर डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन सूज उतरवतात. बिघाड होऊन सहा महिने झालेले नसतील तर नस वाचण्याची आशा चांगली असते. पुढे ती कमी होत जाते.

सहा महिने! आमच्या वाचकांनी हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल. कारण ‘निदान सहा महिने घ्या, मगच गुण दिसेल’ असे बाटलीवाला हमखास सांगतो. रोज दोन कॅप्सूल म्हणजे महिन्याला एक बाटली. सहा महिन्यांत साडेचार हजार रुपये जातात, आणि त्याच सहा महिन्यांत फुकटच्या गोळ्यांनी वाचली असती ती नसही जाते. आमच्या फेरीत आम्हांला अशी वाकलेली बोटे दिसली आहेत. लाजेपोटी चट्टा लपवायचा आणि गुपचूप अर्क आणायचा, असे बहुतेक ठिकाणी झालेले असते. सरकारी केंद्रात गेलो तर शेजारीपाजारी कळेल, ही भीती त्यामागे असते. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोगाचा प्रसार थांबतो, हे शेजाऱ्यांनीही समजून घ्यावे.

लकव्याबद्दल थोडक्यात. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. कोणाला ते द्यायचे आणि कोणाला नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात, पण तिथे वेळेत पोचणे आपल्या हाती असते. नंतर सुधारणा होते ती मेलेल्या पेशी उठून नव्हे. उरलेल्या पेशी नवे काम शिकतात म्हणून. त्यासाठी व्यायाम शिकवणारा माणूस लागतो आणि घरच्यांचा धीर लागतो.

दहावीच्या मुलांसाठी सरबताच्या बाटल्या आणणाऱ्या मातांनाही एक सांगायचे आहे. कर्नाटकात मणिपालच्या वैद्यकीय महाविद्यालयात उंदरांच्या पिलांना कारिवण्याच्या ताज्या पानांचा रस दिल्यावर मेंदूतील पेशींच्या फांद्या वाढलेल्या दिसल्या, हे खरे आहे. तो रस दर किलो वजनाला सहा मिलिलिटरपर्यंत, सहा आठवड्यांपर्यंत दिला होता, आणि ती पिले ऐन वाढीच्या वयातील होती. माणसांवरील निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात बुद्धी किंवा स्मरणशक्ती वाढल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्या पैशांत मुलाला रोज एक अंडे आणि रात्री वाचायला बरा दिवा मिळू शकतो. अर्थात हे आमचे मत झाले.

लकवा, मधुमेह, कुष्ठरोग आणि मज्जासंस्थेचे विकार बरे करतो अशी जाहिरात करण्याला १९५४ सालच्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. म्हणजे गल्ल्यावरच्या त्या चिठ्ठीत जेवढे दावे आहेत त्यांपैकी बहुतेक दावे छापणे हाच गुन्हा आहे. चिठ्ठी फाडून टाकू नये, जपून ठेवावी. तारीख आणि दुकानाचे नाव मागे लिहून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. ज्यांना लिहायला अडचण वाटते त्यांना आम्ही रविवारी सकाळी विहारात लिहून देतो.

ओरेगॉनमधील मंडळींचे काम पुढे चालूच आहे. स्मृती कमी झालेल्या वृद्धांना ठरावीक प्रमाणाचा अर्क दिला तर रक्तात त्याची कोणती द्रव्ये किती वेळ राहतात, याची छोटी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. एका पानावर सतरा-अठरा वर्षे घासूनही ते लोक अजून मात्रा मोजण्याच्या पायरीवर आहेत. आमच्या भागातील बाटलीवाला मात्र हे सगळे केव्हाच ओलांडून पुढे गेला आहे.

पाला म्हणून कारिवण्याशी आमचे काही वैर नाही. शेजारच्या श्रीलंकेत तो गोटुकोला या नावाने घरोघरी खातात. पाने बारीक चिरतात, त्यात ओले खोबरे, कांदा, हिरवी मिरची घालतात, वर लिंबू पिळतात आणि भाताबरोबर वाढतात. गटाराच्या कडेचा पाला मात्र घेऊ नये, कारण घाण पाण्यातील विषारी धातू तो शोषून घेतो. एक मुळी असलेली काडी कुंडीत, थोड्या सावलीत लावली आणि माती ओली ठेवली तर महिन्याभरात कुंडी भरते. आमच्या घरी ती चटणी कधीमधी होते. चव किंचित कडवट लागते, पण भाकरीबरोबर बरी जाते.